नफ्याचा धनी आणि तोट्याचा धनी

भुसावळच्या माणसाला सरकार आणि व्यापार ह्या विषयावर बोलावयास लावले, की तो पहिल्या दहा मिनिटांत एक बाजू घेऊन मोकळा होतो. ज्याच्या घरात तीन पिढ्या रेल्वेची नोकरी चालत आली आहे तो म्हणतो, सरकार नसते तर ह्या गावात होते काय? ज्याचे अडतीचे दुकान आहे किंवा ज्याने जिनिंग चालविले आहे तो म्हणतो, सरकारने आमच्यावर उपकार करू नयेत, फक्त वाटेतून बाजूला व्हावे. दोघेही प्रामाणिक असतात. दोघांच्याही बोलण्यात अनुभवाचे सत्य असते. तथापि आमच्या मते दोघांनीही वहीची एकच बाजू वाचलेली असते. एकाने जमा वाचलेली असते, दुसऱ्याने खर्च.

आज आम्ही ह्या वादात कोणाची वकिली करण्यासाठी उभे नाही. खानदेशच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांचा व्यवहार उलगडून पाहिला तर निव्वळ मोकळा बाजार आम्हांस कोठे आढळत नाही, आणि निव्वळ सरकारी कारभारही आढळत नाही. आढळते ती दोहोंची सरमिसळ. म्हणून ‘सरकारी की खाजगी’ हा प्रश्न आम्ही थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि त्याच्या जागी तीन साधे प्रश्न मांडतो. नफा झाला तर तो कोणाचा? तोटा झाला तर तो कोणाच्या माथी? आणि ज्याने निर्णय घेतला त्याला जाब विचारणारा कोण? वाणसामानाच्या दुकानातही भागीदारी करताना आपण हेच तीन प्रश्न विचारतो. राष्ट्राच्या व्यवहारात मात्र ते विचारावयास आपण का विसरतो, हे कोडे आहे.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. भुसावळचे आजचे रूप रेल्वेने घडविले, हे येथील शाळकरी पोरही जाणते. पण ती रेल्वे कोणी आणली? ‘इंग्रज सरकारने’ असे उत्तर सहज येते, आणि ते अर्धेच खरे आहे. ती आणली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ह्या खाजगी कंपनीने. विलायतेत तिचे भाग विकले गेले, तिचे संचालक लंडनमध्ये बसत. १८४९ साली ह्या कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्यातील मुख्य कलम असे की, भागधारकांनी घातलेल्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याज मिळेलच मिळेल. रेल्वेच्या उत्पन्नातून ते निघाले तर उत्तम, न निघाले तर उणीव हिंदुस्थानच्या तिजोरीने भरून द्यावयाची. शिवाय जमीन सरकारने फुकट द्यावयाची.

ह्या कराराला व्यापार म्हणावे काय? व्यापारात धोका असतो आणि धोका पत्करल्याबद्दल नफा असतो. येथे धोका पत्करणारा एक आणि व्याज घेणारा दुसरा अशी वाटणी झाली. त्या काळी तिजोरीचे सर्वांत मोठे उत्पन्न शेतसाऱ्याचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका पत्करणारा कोण हे वेगळे सांगावयास नको. सावदे, यावल, एरंडोल येथील ज्या कुणब्याने आगगाडीचे इंजिन डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तो लंडनच्या भागधारकाच्या पाच टक्क्यांना जामीन राहिला होता. त्याला कोणी विचारले नव्हते, हे उघडच आहे. अशा व्यवस्थेत खर्चाला लगाम कसा राहावा? हिंदुस्थान सरकारचे अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी ह्यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे कबुलीच दिली की, व्याजाची हमी असल्यामुळे आपला पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळी नदीत फेकला गेला, ह्याची विलायती भांडवलदाराला पर्वा नव्हती. हे कोणा देशभक्ताचे भाषण नव्हे. खुद्द सरकारच्या खजिन्याची किल्ली ज्याच्या हाती होती त्याची ही साक्ष आहे.

परंतु येथेच थांबलो तर आम्हीही वहीची एकच बाजू वाचली असे होईल. ती हमी नसती तर १८४९ साली लंडनच्या गृहस्थाने सह्याद्रीत बोगदे खणण्यासाठी पैसे दिले असते काय? बहुधा नसते. कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले ह्यांनी दोन्ही घाट चढविण्याची जी आखणी केली ती जगातील मोठ्या कामांत मोडते, आणि त्या कामावर हजारो मजुरांनी प्राण वेचले. थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. १८६७ साली भुसावळहून निघालेला फाटा नागपुरास पोहोचला, आणि १८७० साली दुसरा मार्ग जबलपुरापाशी कलकत्त्याच्या रेल्वेला जाऊन मिळाला. ह्या दोन वाटा जेथे फुटतात ते ठिकाण म्हणजे आपले जंक्शन. म्हणजे ज्या करारावर आम्ही टीका करीत आहो, त्याच कराराच्या पोटी हे गाव वाढले. मुलाने आपल्या जन्माचा खर्च विचारू नये हे खरे, पण इतिहास वाचणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. आमचा आक्षेप हमी दिली ह्यावर नाही. तिची मुदत फार लांब होती, खर्चावर करडी नजर नव्हती, आणि जो जामीन राहिला त्याला हिशेब पाहण्याचा हक्क नव्हता, ह्यावर आहे. पुढे १९०० साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तरी ती चालविण्याचे काम कंपनीकडेच ठेवले. प्रत्यक्ष कारभार सरकारने हाती घेतला तो १९२५ साली, म्हणजे करारानंतर पाऊणशे वर्षांनी.

आता रेल्वेकडून कापसाकडे वळू, कारण रेल्वे आली ती मुख्यतः वऱ्हाड-खानदेशच्या कापसासाठी. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे कोंडली गेली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना. मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव पाहता पाहता कित्येक पट चढले. ह्याला म्हणावे तर मोकळ्या बाजाराची किमया. सात समुद्रांपलीकडे बंदुका धडाडल्या आणि तापीकाठच्या कुणब्याच्या घरात चांदी आली. सरकारही स्वस्थ बसले नव्हते. कापसात पाणी, माती, सरकी मिसळण्याला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ साली कायदा केला. खानदेशचे तत्कालीन कलेक्टर अ‍ॅशबर्नर ह्यांनी हिंगणघाटचे बियाणे आणवून ते येथे पसरविण्याचा मोठा उद्योग केला. ही दोन्ही कामे सरकारने करण्याजोगी होती, असे आमचे मत आहे. माप खरे ठेवणे आणि बियाणे चांगले पुरविणे ह्यात कोणाच्या नफ्याची हमी नसते. बाजार चालावा म्हणून लागणारी ती जमीन असते.

मुंबईत मात्र त्याच वेळी निराळे नाटक रंगले होते. कापसाच्या पैशाला ठिकाण सापडेना, तेव्हा कंपन्यांचे पीक आले. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या भागाला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव येऊ लागला. ह्या खेळाचे नायक प्रेमचंद रायचंद. त्यांची बुद्धी असामान्य होती, औदार्यही असामान्य होते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्यांच्याच देणगीतून उभा आहे. परंतु येथे आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती बँक ऑफ बॉम्बे. ही १८४० साली स्थापन झालेली बँक होती भागधारकांची, पण तिच्यात सरकारचेही भाग होते आणि सरकारने नेमलेले संचालकही होते. लोकांनी विश्वास ठेवला तो सरकारच्या नावावर. १८६३ साली तिच्या सनदेतील जुने निर्बंध सैल करण्यात आले, आणि बँक कंपन्यांच्या भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्ज देऊ लागली. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. वायद्यांची मुदत भरण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता, आणि त्या दिवशी मुंबईची मोठमोठी घराणी कोसळली. बँकेचे बहुतेक भांडवल बुडाले, १८६८ साली ती गुंडाळण्यात आली, आणि चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

थळ घाट खुला झाल्यानंतर चारच महिन्यांत ते युद्ध संपले, ही गोष्ट आपण लक्षात घ्यावी. ज्या भावासाठी एवढी घाई चालली होती तो भाव, घाटातून गाडी सुरळीत धावू लागली तेव्हा ओसरू लागला होता. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, त्यांची हकीकत पुस्तकांतून आली. दख्खनच्या शेतकऱ्याची हकीकत दहा वर्षांनी १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील दंग्यांच्या रूपाने बाहेर पडली. तेजीच्या दिवसांत सावकाराने हात सैल सोडला होता. मंदी येताच कर्ज तेवढे राहिले, आणि त्यात शेतसारा वाढला. येथे आमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर स्पष्ट मिळते. तेजीचा नफा बराचसा दलाल, अडत्या आणि सट्टेवाला ह्यांच्याकडे गेला, आणि मंदीचा तोटा उतरंडीच्या तळाशी असलेल्या मडक्यावर येऊन बसला. हा मोकळ्या बाजाराचा दोष की सरकारचा? आमच्या मते दोघांचाही. व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या पैशावर जुगार खेळला, आणि सरकारने आपले नाव उसने देऊन त्यावर देखरेख केली नाही.

ज्या १८७५ साली हे दंगे झाले त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज गावोगाव चालणाऱ्या ह्या ज्ञानसत्रांचे ते मूळ. रानड्यांचा खानदेशशीही संबंध आला, तो थोडा विचित्र रीतीने. वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या काळात सरकारच्या मनात पुण्याच्या पुढाऱ्यांविषयी संशय आला, आणि १८७९ साली रानड्यांची बदली धुळ्यास झाली. १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात रानड्यांनी जो सिद्धांत मांडला तो आजही ताजा आहे. अर्थशास्त्राचे नियम सर्व काळी आणि सर्व देशी सारखेच लागू पडतात हे त्यांनी नाकारले. इंग्लंडने आपले उद्योग प्रौढ झाल्यावर खुल्या व्यापाराचा उपदेश करणे निराळे आणि हिंदुस्थानासारख्या मागे पडलेल्या देशाने तो निमूटपणे गिळणे निराळे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. सरकारने प्रारंभी वाट पाडून द्यावी असे त्यांचे म्हणणे होते. पण रानडे हे सरकारच्या पदराआड लपणाऱ्या उद्योगाचे कैवारी नव्हते. आपल्या लोकांनी सहकार्य, साहस आणि शिस्त शिकावी ह्यासाठीच त्यांची सारी धडपड होती. त्यांच्या दृष्टीने सरकारी मदत म्हणजे मुलाच्या हाती दिलेला पांगुळगाडा. पाय आले की तो बाजूला ठेवावयाचा असतो.

ह्या विचाराचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी ह्यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली. खानदेशात भुईमूग पिकत होता, रेल्वे दारात होती, आणि वनस्पती तुपाला गिऱ्हाईक होते. तूप आणि कपडे धुण्याचा साबण असा साधा धंदा. १९६६ साली प्रेमजी अकस्मात निवर्तले, आणि एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून कारखाना सांभाळावयास आला. हीच कंपनी पुढे ‘विप्रो’ ह्या नावाने जगाला माहीत झाली.

ह्या कथेत सरकार कोठे आले? १९७३ साली परकीय चलनाचा नवा कायदा झाला. त्यातील भांडवलाच्या अटी मान्य नसल्यामुळे आय.बी.एम. ह्या अमेरिकन कंपनीने १९७८ साली येथील कारभार आवरला. संगणकाच्या बाजारात जागा मोकळी झाली, आणि ती भरण्यासाठी जे पुढे सरसावले त्यांत तूप-साबणवाली ही कंपनीही होती. म्हणजे सरकारी कायद्याने दार उघडले, हे कबूल केले पाहिजे. परंतु दार उघडणे निराळे आणि आत ताट वाढून ठेवणे निराळे. त्या दारातून इतरही देशी कंपन्या शिरल्या होत्या, त्यांच्यात चुरस होती, आणि कोणाच्याही भागधारकाला पाच टक्क्यांची हमी नव्हती. १९९१ नंतर कुंपण काढले गेले तेव्हा काही कंपन्या टिकल्या आणि काही टिकल्या नाहीत. अमळनेरात ज्या साध्या कुटुंबांनी ह्या कंपनीचे भाग घेऊन ते जपून ठेवले त्यांचे भाग्य फळले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. ती सांगताना एवढे विसरू नये की, कंपनी बुडाली असती तर त्यांचेच पैसे बुडाले असते. नफ्याचा धनी आणि तोट्याचा धनी एकच होता, म्हणूनच तो नफा आम्हांस निर्मळ वाटतो.

ह्याच्या उलट उदाहरण कापूस एकाधिकार खरेदीचे. ह्या योजनेविषयी बोलताना आम्ही जपून बोलतो, कारण तिच्यामागील हेतू शुद्ध होता. मापातील मारामारी, नाना नावांची कटौती आणि महिनोन्‌महिने लांबणारे चुकारे ह्यांनी कापूस-उत्पादक गांजला होता. १९७१ साली राज्याने कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून खाजगी व्यापाऱ्यास कापूस घेण्याची बंदी झाली. सर्व कापूस राज्य पणन महासंघाच्या केंद्रावर आणावयाचा, हमीची किंमत आधी घ्यावयाची, आणि विक्रीत नफा उरला तर अधिक रक्कम मागाहून मिळावयाची. शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्याहून न्याय्य काय असू शकते?

कागदावर काहीच नाही. पण कापसाला राज्याची सीमा समजत नाही. भुसावळहून बऱ्हाणपूर किती दूर आहे, हे आपणांस सांगावयास नको. सीमेपलीकडे भाव चढला की इकडचा कापूस रातोरात बऱ्हाणपूर, सेंधवा आणि गुजरातच्या वाटेला लागे, आणि पलीकडे भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर येऊन उभा राही. म्हणजे चांगल्या वर्षाचा नफा चोरट्या व्यापाऱ्याच्या पदरात, आणि वाईट वर्षाचा तोटा महासंघाच्या, म्हणजे शेवटी राज्याच्या तिजोरीवर. किंमत ठरविताना बाजारापेक्षा निवडणुकीकडे पाहण्याची सवय लागली, आणि तोटा साचत गेला. केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीत तक्रारी होत, आणि ज्या चुकाऱ्यासाठी सारा खटाटोप केला तोच पुन्हा लांबू लागला. अखेर २००२ साली खाजगी खरेदीला मुभा देऊन तीस वर्षांचा एकाधिकार सोडावा लागला.

हा डोलारा शेतकऱ्याला हमी दिल्यामुळे कोसळला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. लंडनच्या धनिकाला पन्नास वर्षे हमी देता येते, आणि पाऊसपाण्याच्या भरवशावर जगणाऱ्या शेतकऱ्याला दिली की अर्थशास्त्र धोक्यात येते, हा न्याय आम्हांस मान्य नाही. दुर्बळाला आधारभूत किंमत असावी. भाव तिच्याखाली गेला तर सरकारने खरेदीला उतरावे. पण आधार देणे आणि इतर सर्वांना दार बंद करणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकच गिऱ्हाईक उरले की त्या गिऱ्हाइकाला सुधारण्याचे कारण उरत नाही, मग तो मारवाडी पेढीवाला असो की सरकारी संघ असो.

शेवटी पुन्हा आपल्या गावात येऊ. स्वातंत्र्यानंतर येथे १९४९ साली आयुधनिर्माणी आली, १९६४ साली वरणगावची आली, दीपनगरला वीजकेंद्र उभे राहिले. ह्या कारखान्यांनी शेकडो घरांत पहिली पक्की नोकरी, पहिला पदवीधर आणि पहिले निवृत्तिवेतन आणले. त्याचे मोल आकड्यांत होत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील आयुधनिर्माणींचे मंडळ मोडून त्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या. भुसावळचा कारखाना एका कंपनीत गेला, वरणगावचा दुसरीत. त्या दिवसापासून गावात जो तो विचारतो, हे चांगले झाले की वाईट?

आमचे उत्तर असे की, पाटी बदलल्याने काही ठरत नाही. कंपनी म्हटले तरी मालक सरकारच आहे, आणि मोठे गिऱ्हाईकही सरकारचे सैन्यच आहे. त्यामुळे ह्याला कोणी ‘बाजार’ म्हणून मिरवू नये, आणि ‘सरकारी होते तेव्हा सारे आलबेल होते’ असेही कोणी म्हणू नये. विचारावयाचे ते तेच तीन प्रश्न. फायदा झाला तर त्यात राबणाऱ्याचा वाटा किती? मागणी आटली तर तोटा कामगाराच्या पोटावर येणार, की ज्यांनी नियोजन केले त्यांच्यावर? आणि संचालक मंडळाच्या चुकीचा जाब कोठे, कोणी आणि किती दिवसांत मागावयाचा? ह्यांची उत्तरे लेखी आणि उघड मिळाली तर कंपनीचे भय बाळगण्याचे कारण नाही. ती मिळाली नाहीत, तर जुन्या मंडळासाठी रडण्यातही अर्थ नाही.

१८४९ च्या करारात ज्याला जामीन ठेवले त्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते, कारण तो परतंत्र होता आणि निरक्षर होता. आपण परतंत्र नाही, आणि निरक्षरही नाही. उद्या कोणी उद्योगपती सवलत मागावयास येईल, कोणी मंत्री हमी जाहीर करील, कोणी नवी कंपनी काढील. टाळ्या वाजविण्यापूर्वी किंवा निषेधाच्या घोषणा देण्यापूर्वी आपण एवढेच करावे. वही मागावी, जमेची बाजू पाहावी, खर्चाची बाजू पाहावी, आणि खाली जामीन म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते वाचावे. बहुतेक वेळा ते नाव आपलेच असते.